दाखवणे, डाउनलोड करणे, पुढे पाठवणे

राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरासारख्या गावात आज शिक्षकाला व्हिडिओ मिळवायला कष्ट पडत नाहीत. दहावीच्या विज्ञानातली भिंगे असोत, भूगोलातली धरणे-कालवे असोत की इंग्रजीची एखादी कविता असो, मोबाइलवर दोन-चार शब्द टाकले की दहा-वीस व्हिडिओ समोर येतात. वर्गात टीव्ही किंवा प्रोजेक्टर असतो. तो लोकवर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून किंवा डिजिटल शाळांच्या मोहिमेतून आलेला असतो. अडचण सुरू होते ती यानंतर. हा व्हिडिओ वर्गात दाखवला तर चालेल का? ऐन तासाला नेट जाईल म्हणून आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवला तर? मुलांना घरी बघता यावा म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर? या तिन्ही प्रश्नांना आपल्याकडे सरसकट एकच उत्तर दिले जाते. कोणी म्हणतो, शिक्षणासाठी सगळे चालते. कोणी म्हणतो, कॉपीराइटची भानगड नको, पुस्तकातूनच शिकवा. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि त्यांची किंमत मुले मोजतात. भारतीय कायद्यात या तीन कृतींना तीन वेगळ्या जागा आहेत. दाखवण्याला भक्कम संरक्षण आहे, डाउनलोड करून ठेवण्याला मर्यादित आधार आहे आणि पुढे पाठवण्याला फार थोडा. हा फरक रोजच्या शिकवण्यात उतरायचा असेल, तर शाळेला वकिलापेक्षा ग्रंथपालाची गरज जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी दाखवण्याचे पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ म्हणजे, काय केले तर हक्कभंग होत नाही, याची लांबलचक यादी. तिच्यातले ‘जे’ हे उपकलम शैक्षणिक संस्थांसाठी आहे. संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवले-ऐकवले आणि प्रेक्षकांत संस्थेतले शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे एवढीच असली, तर तो हक्कभंग ठरत नाही. कायद्यातली ‘चित्रपट’ ही संज्ञा थिएटरपुरती नाही. हलत्या चित्रांचे कोणतेही मुद्रण तिच्यात बसते, म्हणजे सहा मिनिटांचा यूट्यूब व्हिडिओही बसतो. या उपकलमात लांबीची मर्यादा नाही, परवानगीची अट नाही, शुल्काचा उल्लेख नाही. अमेरिकेतला कायदाही समोरासमोर शिकवताना वर्गात चित्रपट दाखवू देतो; पण प्रत बेकायदा आहे हे दाखवणाऱ्याला ठाऊक असेल, तर हे संरक्षण काढून घेतो. आपल्या उपकलमात तसे शब्दही नाहीत. म्हणून चोरटी प्रत आणावी, असा अर्थ कोणी काढू नये, कारण ती प्रत कशी तयार झाली हा प्रश्न वेगळा उरतोच. पण मूळ निर्मात्याने स्वतः यूट्यूबवर ठेवलेला व्हिडिओ गुरुजींनी वर्गात लावला, तर त्यांनी बिचकण्याचे कारण नाही. गॅदरिंगच्या दिवशी पालकांसह बसून एखादा माहितीपट पाहिला, तरीही नाही. त्याच हॉलमध्ये गावाला आमंत्रण देऊन, तिकीट लावून तोच माहितीपट दाखवला, तर मात्र कलमाची हद्द ओलांडली जाते.

डाउनलोडचा प्रश्न इतका सरळ नाही. त्याच्या मुळाशी दिल्लीतला एक खटला आहे आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळा-कॉलेजच्या ग्रंथपालाला तो माहीत असायला हवा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे झेरॉक्सचे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून तिथे विद्यार्थ्यांना संच मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दुकान आणि विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. प्रकाशक अपिलात गेले आणि ९ डिसेंबर २०१६ रोजी न्या. प्रदीप नंदराजोग व न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने निकाल दिला. कलम ५२ चे ‘आय’ उपकलम शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीचे, म्हणजे साहित्य-कलाकृतीचे, पुनरुत्पादन करू देते. अध्यापनाचा ओघ म्हणजे खडू हातात घेतल्यापासून घंटा होईपर्यंतचा वेळ नव्हे. तासापूर्वीची तयारी, नेमलेले वाचन, तासानंतरचा अभ्यास हे सारे त्यात येते, असा व्यापक अर्थ न्यायालयाने लावला. एकेका शिक्षकाऐवजी संस्थेने ते काम केले तरी संरक्षण जात नाही आणि झेरॉक्सवाला मध्ये आला म्हणूनही जात नाही, हेही स्पष्ट झाले. खंडपीठाने कसोटी ठेवली ती गरजेची: शिकवण्याच्या हेतूला जेवढे लागते तेवढेच घेतले का? संपूर्ण पुस्तकांच्या प्रतींबाबतचा हा मुद्दा पुराव्याने तपासायला खटला परत पाठवला गेला. पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

हा निकाल व्हिडिओला लागू होतो का? उपकलमातले ‘कोणतीही कृती’ हे शब्द पाहिले तर व्हायला हवा, कारण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चित्रपट हीही कृतीच आहे. पण प्रतिपक्षाचा एक युक्तिवाद दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कलम १४ मध्ये पुस्तकाबद्दल बोलताना कायदा ‘पुनरुत्पादन’ म्हणतो आणि चित्रपटाबद्दल बोलताना ‘प्रत करणे’ म्हणतो. मग शिक्षकाला दिलेली पुनरुत्पादनाची सवलत चित्रपटाला कशी मिळेल? मला हा युक्तिवाद तोकडा वाटतो. संसदेला सवलत पुस्तकांपुरती ठेवायची असती, तर तिने ‘कोणतीही कृती’ असे लिहिले नसते. शेजारच्याच उपकलमात तिने चित्रपटाचा वेगळा, नावानिशी उल्लेख केलेला आहे, म्हणजे तिला हा फरक ठाऊक होता. तरीही हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आहे. मुंबई उच्च न्यायालयासमोर त्याचे वजन पडेल, पण ते त्याला बांधलेले नाही. त्यात दुसरी एक गाठ आहे. यूट्यूबच्या वापराच्या अटी, त्यांनीच दिलेल्या सोयीशिवाय डाउनलोड करायला मनाई करतात आणि व्हिडिओ वैयक्तिक, अव्यापारी वापरासाठीच पाहावेत असेही सांगतात. या अटी म्हणजे कंपनी आणि वापरणारा यांच्यातला करार आहे. तो मोडला तर कंपनी खाते बंद करू शकते. पण कायद्याने दिलेली सवलत करारातल्या अटीमुळे गुन्हा होत नाही. पैसे भरून पाहायच्या ओटीटी मंचांची गोष्ट आणखी कडक आहे. तिथे व्हिडिओला तांत्रिक कुलूप असते आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-ए नुसार हक्कभंगाच्या इराद्याने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेने त्या वाटेला जाऊ नये. नेटफ्लिक्ससारखा मंचसुद्धा आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा देतो. ती कोणत्या माहितीपटाला आहे, हे तपासून ठेवणे कुलूप तोडण्यापेक्षा सोपे आहे.

पुढे पाठवणे ही तिसरी कृती, आणि खरा धोका इथे आहे. शिक्षकाने आपल्या चाळीस मुलांच्या ग्रुपवर व्हिडिओची लिंक पाठवली, तर त्याने प्रत केलेली नाही. मुले मूळ ठिकाणीच जाऊन पाहतात, निर्मात्याला त्याचे प्रेक्षक मिळतात. पण अख्खी फाइलच टाकली, की ती वर्गात राहत नाही. एका ग्रुपमधून तालुक्याच्या ग्रुपवर, तिथून जिल्ह्याच्या, मग कोणाच्या तरी नव्या चॅनेलवर, निर्मात्याचे नाव कापून आणि स्वतःचा लोगो चिकटवून. हा प्रवास अध्यापनाच्या ओघात बसत नाही. कलम ५७ ने निर्मात्याला, हक्क विकून टाकल्यावरही, आपले नाव सांगण्याचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार दिलेला आहे. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, एवढाच काय तो दिलासा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: देवळालीतल्या एखाद्या शाळेवर कोण खटला भरायला बसले आहे? बहुधा कोणीही नाही, हे मान्य. पण या आक्षेपात हक्क म्हणजे फक्त मुंबई-कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांचे हक्क, असे गृहीत धरलेले आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांतल्या कितीतरी शिक्षकांनी स्वतः व्हिडिओ बनवले, कवितांना चाली लावल्या, गणिताच्या क्लृप्त्या मोबाइलवर चित्रित केल्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही मोहीम आणि सह्याद्री वाहिनीवरची ‘टिली मिली’ मालिका आली; त्यांच्याइतकाच आधार या शिक्षकांच्या व्हिडिओंनी दिला. नाव कापून फिरवले जातात ते त्यांचेच व्हिडिओ सर्वांत जास्त. रात्री जागून पाठ तयार करणाऱ्या बाईंना आपलाच पाठ दुसऱ्याच्या नावाने परत येताना पाहावा लागतो आणि त्या कोणाकडे दाद मागायला जात नाहीत. खटल्याची भीती नाही म्हणून हा अन्याय अन्याय राहत नाही का? शिवाय अज्ञान उलट्या दिशेनेही काम करते. खटला कोणी भरत नाही. पण ‘भानगड नको’ म्हणणारा एक मुख्याध्यापक पूर्णपणे कायदेशीर असलेली गोष्ट थांबवू शकतो, आणि थांबवतोही.

आता ग्रंथपालाकडे येऊ. वर सांगितलेले सगळे बारकावे प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने सांभाळावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे. ‘श्यामची आई’चे उदाहरण घ्या. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत २०१० अखेर संपली आणि पुस्तक सर्वांचे झाले. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. चित्रपटाची मुदत प्रदर्शनापासून ६० वर्षे, म्हणजे २०१३ अखेर तीही संपते. पण पटकथा लिहिणारे अत्रे १९६९ मध्ये गेले आणि संगीतकार वसंत देसाई १९७५ मध्ये. चित्रपटावरच्या हक्कामुळे त्यातल्या मूळ कृतींवरचे वेगळे हक्क बाधित होत नाहीत, असे कलम १३ सांगते. तेव्हा चित्रपट मोकळा झाला, तरी पटकथेचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आणि संगीताचा २०३५ अखेरपर्यंत उरू शकतो. वर्गात दाखवायला यातले काहीच आड येत नाही. त्यातला तुकडा शाळेच्या चॅनेलवर टाकायचा, तर मात्र हे उरलेले हक्क आड येऊ शकतात. मराठीच्या शिक्षकाने हा हिशेब करत बसू नये. पुस्तकाची आवृत्ती, लेखक, प्रकाशक, वर्ष टिपून ठेवणे हे ग्रंथपालाचे नेहमीचेच काम आहे, आणि व्हिडिओलाही नेमके तेच लागते: निर्माता कोण, मूळ जागा कोणती, परवाना कोणता, कोणत्या इयत्तेच्या कोणत्या घटकाला कितव्या मिनिटापासून उपयोगी, आणि ही नोंद शेवटची कधी तपासली. अशी दीडशे नोंदींची एक वही किंवा एक्सेलची शीट शाळेत असली, तर शिक्षकाचे शोधण्यातले तास वाचतील आणि हक्काचा प्रश्न निवडीच्या वेळीच सुटेल. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा हे चौथे सूत्र आहे. व्हिडिओच्या काळात त्याची गरज कितीतरी वाढली आहे, कारण आता अडचण टंचाईची नाही, गर्दीची आहे.

पण ग्रंथपाल आहेत कुठे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर नाही. प्राथमिक शाळांत ते पद नाही. अनेक माध्यमिक शाळांत ग्रंथपाल अर्धवेळ आहेत आणि त्यांच्यावर कार्यालयीन कामे लादलेली असतात. म्हणून हे काम एकट्या शाळेचे न मानता परिसराचे मानावे. राहुरी ज्यात येते त्या अहिल्यानगर जिल्ह्याला ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. तिथले जिल्हा वाचनालय १८३८ मधले. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांची अनुदानित वाचनालये गावोगाव पसरली. राहुरीलाच १९६८ पासूनचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि तिथे प्रशिक्षित ग्रंथपाल आहेत. एका तालुक्यातल्या शाळांचा अभ्यासक्रम एकच, मग नोंदवहीही एकच का असू नये? इथे एक कायदेशीर खाच मात्र लक्षात ठेवावी लागते. ‘जे’ उपकलमाचे संरक्षण शैक्षणिक संस्थेला आहे, सार्वजनिक वाचनालयाला नाही. गावातले वाचनालय पडदा लावून वाचकांना कोणताही यूट्यूब व्हिडिओ दाखवू लागले, तर ते या छत्राखाली येत नाही. कलम ५२ चे ‘एन’ उपकलम अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला डिजिटल साठवण करू देते, पण जतनासाठी आणि मूळ बिगर-डिजिटल प्रत आधीच ग्रंथालयाकडे असेल तरच. मूळचा डिजिटल असलेला व्हिडिओ त्यात बसत नाही. वाचनालयाने नोंदी ठेवाव्यात, लिंक द्याव्यात, मार्गदर्शन करावे. साठा आणि प्रदर्शन मात्र मुक्त परवान्याच्या व्हिडिओंपुरते ठेवावे.

हे मुक्त परवाने म्हणजे निर्मात्याने आधीच लिहून दिलेली परवानगी. २००२ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने उपलब्ध आहेत. नाव द्या आणि वापरा. नाव द्या, वापरा, पण बदल केला तर तोही याच अटीवर मोकळा ठेवा. नाव द्या, पण धंदा करू नका, असे त्यांचे प्रकार. यूट्यूबवर शोध घेताना फिल्टरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स निवडले, की निर्मात्यांनी असा परवाना लावलेले व्हिडिओ वेगळे दिसतात. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल प्रकल्प, एनसीईआरटीने २०१३ मध्ये सुरू केलेला एनआरओईआर हा साठा, यांनी मुक्त परवाना स्वीकारला. २०१७ मधल्या दीक्षा मंचाच्या ॲपमध्ये तर साहित्य डाउनलोड करून नेटशिवाय वापरता येते. नेट नसल्यामुळे डाउनलोड करावेच लागते, या रास्त तक्रारीला हे कायदेशीर उत्तर आहे. पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून बनवलेल्या खेळण्यांच्या लहान-लहान फिती मराठीतही आहेत आणि त्या वाटल्या जाव्यात याच हेतूने केलेल्या आहेत. वीज-चुंबकाचा धडा शिकवणाऱ्याने दुसरीकडे शोधायला जाण्याआधी तिथे पाहावे.

मुक्त साहित्य इंग्रजीत भरपूर आणि मराठीत तुटपुंजे, ही तक्रार मात्र मोडून काढता येणार नाही. ती खरी आहे, आणि तिचे मूळ कायद्यापेक्षा सार्वजनिक पैशाच्या वापरात आहे. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. दूरदर्शनवर मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी ही राज्याची संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तीन दशके करदात्यांच्या पैशातून बनलेले कार्यक्रम मुक्त परवान्याने खुले करून ठेवले असते, तर आज राहुरी, पाथर्डी, अकोल्यातल्या शिक्षकांकडे मराठीतला, आपल्या अभ्यासक्रमाला धरून असलेला, निर्धास्तपणे डाउनलोड करून वाटता येणारा साठा असता. कृषी विद्यापीठे, शिक्षण विभाग, जिल्हा परिषदा आजही व्हिडिओ बनवतात आणि ते यूट्यूबच्या प्रमाण परवान्यावर टाकून देतात. कोणी मुद्दाम हक्क राखलेले नसतात, परवान्याची खिडकी कोणी उघडून पाहिलेली नसते, एवढेच. ऊस आणि कांद्यावरचे विद्यापीठाचे व्हिडिओ त्याच तालुक्यातल्या शाळेने पेनड्राइव्हवर घ्यावेत, वाचनालयाने शेतकऱ्यांना दाखवावेत, यात कोणाचे नुकसान आहे? कॅनडाने २०१२ मध्ये कायद्यातच कलम घातले: इंटरनेटवर उघडपणे ठेवलेले साहित्य शैक्षणिक संस्थेने, मूळ स्रोत सांगून, शिकवण्यासाठी वापरले तर हक्कभंग नाही, मात्र त्याला कुलूप असेल किंवा वापरू नका असे ठळक लिहिलेले असेल, तर ही सवलत नाही. आपल्याकडे असे स्पष्ट कलम यायला संसद लागेल. सार्वजनिक पैशातून बनणाऱ्या मराठी व्हिडिओंवर मुक्त परवाना लावायला राज्याचा एक शासन निर्णय पुरेसा आहे, आणि जिल्हा परिषदेला किंवा विद्यापीठाला तर आपल्या व्हिडिओंसाठी त्याचीही वाट पाहावी लागत नाही.